अनुभव धागा: गेमची चोरटी प्रत आणि पैसे मोजणारा खेळाडू

धागाकर्ता
व्हिडिओ गेमच्या पायरसीवर वाद होतो तेव्हा एकीकडे कंपनी आणि दुसरीकडे फुकट उतरवून घेणारा, असे दोनच पक्ष उभे राहतात. ज्याने रीतसर पैसे मोजले त्याला कुणी विचारत नाही. चोरी रोखण्यासाठी लावलेल्या कुलपाचा जाच मात्र त्यालाच होतो. २००८ साली ‘स्पोअर’ हा गेम तीनच ॲक्टिव्हेशनच्या, म्हणजे एक प्रत तीनदाच संगणकावर नोंदवून सुरू करता येण्याच्या अटीसह आला आणि तरीही त्याच्या क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडलेल्या प्रती सर्वत्र पसरल्या. गेम घेणाऱ्यांनी, बनवणाऱ्यांनी आणि फुकट खेळणाऱ्यांनीही आपापला अनुभव मोकळेपणाने लिहावा, ही विनंती.

निळी_खिडकी
मदरबोर्ड बदलल्यावर मी विकत घेतलेला एक गेम सुरूच होईना, कारण ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली होती. ग्राहकसेवेने आधी पावती मागितली, मग खोक्यातल्या की-नंबरचा फोटो मागितला, आणि सगळे मार्गी लागेपर्यंत माझी खेळण्याची इच्छाच ओसरली. क्रॅक वापरण्याचा सल्ला अनेकांनी दिला. परंतु अँटीव्हायरस बंद करून अनोळखी माणसाची फाइल चालवणे म्हणजे अख्खा संगणक त्याच्या हवाली करणे, हे मला मान्य नव्हते.

छोटा_स्टुडिओ
आम्ही मोजकी माणसे मिळून गेम बनवतो, त्यामुळे पायरसीची झळ आम्हाला विक्रीच्या आकड्यांआधी ईमेलमध्ये दिसते. एका लढाईनंतर सेव्ह फाइल बिघडत असे. ती चूक आम्ही पॅच देऊन दुरुस्त केली, तरी त्याच तक्रारी येत राहिल्या. पाठवलेल्या लॉग फाइलमध्ये जुना आवृत्तीक्रमांक दिसे आणि खरेदीची नोंद कुठेच सापडत नसे. ही पत्रे निपटण्यात वेळ जाई आणि ज्यांनी पैसे दिले होते त्यांची उत्तरे मागे पडत. ग्राहकाचे हे नुकसान कुठल्याच हिशेबात येत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो आहे. २०१३ साली ‘गेम डेव्ह टायकून’ या गेम-कंपनी चालवण्याच्या गेमच्या निर्मात्यांनी स्वतःच एक क्रॅक प्रत पसरवली होती, तिच्यात खेळाडूची काल्पनिक कंपनी पायरसीमुळेच बुडत असे, आणि फुकट खेळणारेच त्याबद्दल तक्रार करू लागले. त्यांच्यावर हसावे असे मला वाटत नाही. आमच्या पत्रांतली माणसेही अशीच मनापासून खेळणारी असतात.

पारखी
डेमो मिळत नाही म्हणून क्रॅक उतरवून पाहतो, आवडले तर विकत घेतो, असे सांगणारे माझे बरेच मित्र आहेत. २०१५ पासून स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि गेम दोन तासांहून कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात. तिथे तरी ही सबब आता टिकत नाही.

जतनकर्ती
माझी अडचण वेगळी आहे. ‘द क्रू’ या कंपनीच्या सर्व्हरशी जोडूनच चालणाऱ्या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ अखेर बंद झाले आणि तो विकत घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. विक्री चालू असलेल्या गेमची चोरी मी चुकीचीच मानते. पण निर्मात्यानेच सोडून दिलेला गेम कुणी सर्व्हरविना चालता केला, तर त्याला त्याच तराजूत तोलणे मला पटत नाही. ‘द विचर २’च्या निर्मात्यांनी २०११ साली गेम बाजारात आल्यावर थोड्याच दिवसांत पॅच देऊन दुकानी डिस्कवरचे कुलूप काढून टाकले होते. सर्व्हर बंद करणाऱ्या प्रत्येक कंपनीने जाण्यापूर्वी निदान एवढे करावे, अशी अट खरेदीच्या करारातच असायला हवी.