रमजानमध्ये महंमद अली रोडला खायला जायचंय, नक्की कुठे खावं?

डोंबिवलीचा_आप्पा

नमस्कार मंडळी. रमजान आला की दरवर्षी महंमद अली रोडला जायचं ठरतं आणि दरवर्षी कोणाचं तरी काहीतरी निघतं, यंदा मात्र शनिवार पकडून जायचंच असं घरात ठरलंय. आम्ही पाच जण, मी, बायको, भाऊ, वहिनी आणि आठ वर्षांची पुतणी. मी आणि भाऊ पट्टीचे मटण खाणारे, वहिनी चिकनपुरती, आणि बायको शुद्ध शाकाहारी म्हणजे अंडंसुद्धा नाही, पण गोडावर तिचा भारी जीव आणि मालपुव्याचे व्हिडीओ बघून बघून तीच सगळ्यांत जास्त मागे लागलीये.

यूट्यूबवर जो तो मिनारा मशिदीच्या गल्लीत उभा राहून तोच मालपुवा आणि त्याच कबाबाच्या शिगा दाखवतो, बाकी काही कळत नाही. तर किती वाजता पोचावं, कुठल्या स्टेशनला उतरावं, बायका-पोरांना गर्दीचा त्रास होतो का, आणि बसून नीट खायचं तर कुठे? अजून एक, भावाला मोठ्याचं, म्हणजे म्हशी-रेड्याचं, चालत नाही, ते ओळखायचं कसं? विचारलेलं कोणाला खटकणार तर नाही ना?

गिरगावचा_बंड्या

आप्पा, पहिलं काम म्हणजे शनिवार बदला. मंगळवार-बुधवार बघा. शनिवारी त्या गल्लीत आपण चालत नसतो, मागचा ढकलतो तसे पुढे सरकत असतो, आणि पुतणीला खांद्यावर घेऊन कबाब खायची कसरत तुम्हाला झेपेल असं वाटत नाही.

आता ती मिनारा मशिदीची गल्ली. जा जरूर, लायटिंग बघा, झगमगाट बघा, पण पोट तिथे भरू नका. तिथले बरेच स्टॉल रमजानपुरते लागतात, सगळीकडे तोच लाल रंग, तेच मेयोनीज फासलेले रोल, आणि डोळ्यांना जेवढं भारी दिसतं तेवढं जिभेला लागत नाही. मी तिथे थांबतो ते फक्त सुलेमान उस्मान मिठाईवाल्याकडे फिरनीसाठी. 1936 पासूनचं दुकान, वर्षभर चालू असतं, रमजान संपला म्हणून गुंडाळून जाणारं नाही. फिरनी मातीच्या सकोऱ्यात लावलेली असते, माती जादाचं पाणी ओढून घेते त्यामुळे ती कशी घट्ट आणि गारेगार होते, प्लास्टिकच्या कपात ती मजा नाही. अफलातून नावाची मिठाई घरी न्यायला घ्या, टिकते.

तिथून जेजे हॉस्पिटलच्या दिशेला चालत निघा, भेंडीबाजार आणि मग बोहरी मोहल्ला. माझं सरळ मत आहे, ज्या दुकानात इथले लोक बाकीचे अकरा महिने पण खातात तिथेच रमजानमध्येही खावं. नूर मोहम्मदी घ्या, 1923 पासूनचं हॉटेल, भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी काढून दिलेलं चित्र आहे, बसायला टेबलं आहेत. वहिनींना हकीमी चिकन सांगा, नळी निहारी (नळीच्या हाडांचा रस्सा) तिथली प्रसिद्ध पण ती कशाची आहे ते विचारून मगच मागवा. विचारायला लाजायचं कारण नाही, 'छोटे का है या बडे का' एवढंच म्हणायचं, दिवसभरात शंभर जण विचारतात. छोटे का म्हणजे बकरा, बडे का म्हणजे म्हैस-रेडा. 2015 च्या कायद्यानंतर राज्यात बैलही बंद झाला, त्यामुळे तीही शंका ठेवू नका.

बारा हंडी हा प्रकार मात्र भावाला जमायचा नाही, तिथे बहुतेक मोठ्याचंच असतं. तुम्हाला चालत असेल तर बोहरी मोहल्ल्यात सुरती बारा हंडी आहे. रात्रभर मंद आचेवर ठेवलेल्या हंड्या, एकीत पाया, एकीत नळी, एकीत शेपटी असं वेगवेगळं, आणि वाढणारा दोन-तीन हंड्यांतलं एकत्र करून वर तर्री सोडून देतो. सोबत लांबट खमिरी रोटी. चिकट होतात बोटं एकमेकांना, पायाचा डिंक तो. त्याच मोहल्ल्यात हाजी टिक्का आहे, तिथे खिरी आणि गुरदा (मूत्रपिंड) कोळशावर भाजून देतात, खिरी म्हणजे काय ते खाऊन झाल्यावर सांगेन.

आणि हो, दुपारी जाऊ नका. रोजाच्या दिवसांत तिथली बरीच हॉटेलं दिवसा बंद असतात.

चिपळूणची_माहेरवाशीण

बंड्यादादा, खिरी म्हणजे काय ते आत्ताच सांगून टाका की, नंतर सांगितलंत तर आप्पांच्या घरात भांडणं व्हायची 😄 (म्हशीची कास असते ती, आप्पा. चांगली लागते.)

मी कोकणी मुसलमान, माहेर चिपळूणचं, आता मुंब्र्याला असते. वेळेचं मी सांगते कारण बाहेरून येणारे लोक नेमकं तिथेच गडबड करतात. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चात आलाय, रोजा सुटतो पावणेसातच्या आसपास. बरोबर त्या वेळेला स्टॉलपुढे जाऊन 'भैया जल्दी करो' करू नका, तो भैया पहाटेपासून पाण्याचा घोट न घेता भट्टीपुढे उभा आहे, त्याला खजूर खाऊ दे, नमाज पढू दे, वीस-पंचवीस मिनिटांनी सगळं परत सुरू होतं. लहान मूल बरोबर आहे म्हणजे आठ ते साडेनऊ ही वेळ बेस्ट. कारण मग तरावीहची, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज सुटते आणि आमची सगळी जनता सहकुटुंब रस्त्यावर येते, आणि ती गर्दी पार पहाटेच्या सेहरीपर्यंत हटत नाही. शेवटचे दहा दिवस तर कपडे-चपलांच्या खरेदीची गर्दी वेगळी, ते टाळाच.

बोहरी मोहल्ल्यात जायचं असेल तर अजून एक, बोहऱ्यांचं कॅलेंडर आधीच ठरलेलं असतं, ते चंद्र दिसायची वाट बघत नाहीत, त्यामुळे त्यांचा रमजान आणि ईद आमच्या एक-दोन दिवस आधी होते. अगदी शेवटचा दिवस पकडून गेलात तर तिथे ईद होऊन गेलेली असायची.

बायका-मुलींना काही त्रास नाही हो, सगळीकडे फॅमिलीच असतात. साधे कपडे घाला, कारण रस्सा कोणाच्या ना कोणाच्या कोपराने तुमच्यावर सांडणारच. नमाजवाल्यांचे फोटो तेवढे काढू नका.

आणि लोकांना वाटतं तिथे सगळं मुसलमानी जेवण मिळतं, पण त्या रोडवरचं खाणं म्हणजे उत्तरेकडचं, सुरती, बोहरी, मेमणांचं. आमचं कोकणी तिथे शोधूनही सापडायचं नाही. आमच्याकडे सांदणं होतात, तांदळाच्या रव्याची, आंबवून वाफवलेली, ती मटणाच्या रश्श्याबरोबर पण खातात आणि नारळाच्या दुधाबरोबर पण. तुमच्याकडे फणसाची-आंब्याची करतात ना, त्याचीच बहीण. ती खायची तर कोणाच्या घरीच जायला लागतं.

पोहे_विथ_लिंबू

इथे कोणी मालपुव्याचं बोललंच नाही म्हणून लिहितोय. आप्पा, तिथल्या मालपुव्यात अंडं असतं!! आपल्या घरच्या किंवा राजस्थानी मालपुव्यासारखा नाही तो, मैद्याच्या पिठात अंडी फेटून मोठाल्या कढईत तळतात, कडा कुरकुरीत आणि मधे जाड, वर मलई. तुमच्या बायकोला आधीच सांगून ठेवा, तिथे पोचल्यावर कळलं तर जड जाईल.

मी स्वतः शाकाहारी, मित्रांबरोबर दरवर्षी जातो आणि उपाशी काही येत नाही. फिरनी म्हणजे दूध, तांदूळ, साखर, ती बिनधास्त. बोहरी मोहल्ल्यात तवक्कल मिठाईवाल्याकडे रमजानमध्ये मलई खाजा मिळतो, पापुद्रे सुटलेला खाजा आणि आत थंड मलई, अंड्याचं मात्र काउंटरवर विचारूनच घ्या. जेजेच्या नाक्यावर मावा जिलबी, काळपट तपकिरी, जाडजूड, एकाला एक पुरे. कलिंगडाचे तुकडे घातलेलं गुलाबी दूध सरबत जागोजाग असतं, पुतणी तेच पीत बसेल.

आणि ताज आईस्क्रीम चुकवू नका. 1887 पासूनचं आहे, अजून हाताने फिरवायच्या संच्यात, बर्फ आणि मीठ लावून बनवतात, त्यात हवा कमी म्हणून चमचा आत जायला जोर लागतो. फळ खरं असतं. 2018-19 च्या सुमारास रमजान मे महिन्यात यायचा तेव्हा मी तिथे रोजेवाल्यांच्या रांगेत उभं राहून आंबा खाल्लाय, आता रमजान अलीकडे सरकत सरकत स्ट्रॉबेरीच्या दिवसांत आलाय.

पोटभरीचं म्हणाल तर आधी सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी खाऊन मग पुढे निघा. आम्ही तसंच करतो, मी तिथे जेवतो आणि बाकीचे माझ्याकडे बघत बसतात.

कोंढव्याचा_कार्टा

सगळं ठीक आहे पण महंमद अली रोड आता ओव्हररेटेड झालाय हे कोणीतरी बोला की राव. मागे मित्राबरोबर आलो होतो, एका स्टॉलवर भाव विचारला तो वेगळा आणि बिल आलं ते वेगळं, वर मेनूकार्ड नाचवत चार पोरं हाताला धरून ओढतात. सगळी रीलवाल्यांची जत्रा. त्यापेक्षा पुण्याला या, कोंढव्याला कौसरबागेत पूर्ण महिना गल्ली सजते, गर्दी आहे पण श्वास घेता येतो. नाहीतर कॅम्पात या. हलीम, खिचडा, कबाब सगळं आहे.

गिरगावचा_बंड्या

कार्ट्या, कौसरबाग चांगलीच आहे, वाद नाही, पण डोंबिवलीहून माणूस खिचडा खायला पुण्याला जाईल का? आणि दराचं म्हणशील तर म्हणूनच म्हटलं मिनाराच्या गल्लीत पोट भरू नका. ओढाओढी त्या एका गल्लीत आहे. ऑर्डर देण्याआधी प्लेटमध्ये किती नग आणि किती पैसे हे दोन्ही विचारायचं, विषय संपला. बोहरी मोहल्ल्यात मला आजवर कोणी हाताला धरलेलं नाही, उलट बारा हंडीवाला आपल्याकडे बघतसुद्धा नाही, आपणच घसा फोडून सांगायचं.

खिचड्यावरून आठवलं, आप्पा, भावाला खिचडा द्या, बकऱ्याचा विचारून. गहू, डाळी, मटण एकत्र शिजवलेलं, वर तळलेला कांदा, लिंबू पिळून. हलीममध्ये मटण पार घोटून एकजीव करतात, खिचड्यात तुकडा लागतो दाताला. मला खिचडाच आवडतो.

डोंबिवलीचा_आप्पा

मंडळी, धन्यवाद! मालपुव्याचं वाचून दाखवलं तर घरात पाच मिनिटं कोणी बोललं नाही, मग 'तुम्ही खा, मी वास घेईन' असं उत्तर आलं, त्यामुळे मी पण मालपुवा खाणार नाहीये हे आता उघड आहे. मलई खाजा आणि आईस्क्रीमवर तह झालाय. शनिवार रद्द, पुढच्या बुधवारी जातोय, ऑफिसातून मी थेट आणि बाकीचे डोंबिवलीहून. माहेरवाशीण ताई, सांदणाचं वाचून तोंडाला पाणी सुटलं, मुंब्रा आमच्या वाटेवरच आहे एवढंच सांगून ठेवतो 😄

आता राहिलं जायचं-यायचं. भाऊ म्हणतोय येताना उशीर होईल म्हणून गाडी काढू. काढावी का?

लास्ट_लोकल_वाला

गाडी अजिबात नको. पार्किंग मिळणार नाही, आणि चुकून जेजे उड्डाणपुलावर चढलात तर सगळा बाजार पुलाखाली राहतो आणि तुम्ही थेट दुसऱ्या टोकाला उतरता, मग वळून परत यायला अर्धा तास. बाइकवाल्यांना तर त्या पुलावर बंदीच आहे, भाऊ बाइकचं म्हणाला तर तेही सांगा.

ट्रेनने मशीद बंदरला उतरा, मिनारापर्यंत चालत जाता येतं. फास्ट गाडी मशीदला थांबत नाही, भायखळ्याला उतरून स्लो पकडा नाहीतर सीएसएमटीला जाऊन मागे या, पुरीभाजी खायची असेल तर सीएसएमटीच बरं. खाणं मिनारापासून सुरू करून बोहरी मोहल्ल्यात संपवायचं. येताना पुतणी झोपलेली असणार म्हणून टॅक्सी करून सीएसएमटीला या आणि तिथून बसून जा, मधल्या स्टेशनला चढलात तर उभं राहावं लागेल. कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्या बाराच्या पुढेमागे असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका, अकराची धरा.

चिपळूणची_माहेरवाशीण

आप्पा, मुंब्र्याला बहुतेक फास्ट थांबत नाहीत, स्लोनेच या. सांदणं आमच्याकडे ईदला होतात, व्यक्तिगत निरोप करा.