महिन्याचं बजेट : ५८ हजारांतून अजून ४-५ हजार कुठून काढू?

पाथर्डीफाटा_गृहिणी
नमस्कार मंडळी. घरात आम्ही चौघं, मी, मिस्टर, मुलगी चौथीत आणि सासूबाई. मिस्टर अंबड एमआयडीसीत आहेत, हातात ५८ येतात. ओव्हरटाइम होता तोवर काही जाणवत नव्हतं, आता तो बंद झालाय आणि वीस-बावीस तारखेपासूनच ओढाताण सुरू होते. हिशोब असा आहे, होम लोनचा हप्ता २५,९००, किराणा-भाजी मिळून ९ हजार, लाईट बिल २,४००, शाळेची फी आणि व्हॅन ६ हजार, पेट्रोल साडेतीन, सासूबाईंच्या शुगर-बीपीच्या गोळ्या २,८००, मिस्टरांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला ३० हजार म्हणजे महिन्याला अडीच धरा, दूध २,४००, मोबाईल-वायफाय १,३००, धुण्याभांड्याची बाई १,५००. उरतात सातशे, त्यात एखादं लग्न आलं की आहेराचे पैसे कुठून काढायचे हा प्रश्न. बाहेरचं खाणं बंद केलंय, किराण्यात आता अजून काही कमी होईल असं वाटत नाही, मिस्टर म्हणतात बाई बंद कर पण ते मी करणार नाहीये हे आधीच सांगते. कुठे कात्री लावू?

सातपूरकर_काका
ताई, नाशिकमध्ये राहून कांदा किलो-किलोने विकत घेताय का? एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा बाजारात उतरतो तेव्हा एक गोणी घेऊन टाकायची. लाल कांदा अजिबात साठवायला घ्यायचा नाही, तो पंधरा दिवसांत पाणी सोडतो. उन्हाळ कांदा मात्र नीट ठेवला तर दिवाळीपर्यंत जातो, फक्त प्लास्टिकच्या गोणीत बांधून ठेवायचा नाही, गॅलरीत खाली लाकडी फळ्या टाकून पसरायचा, दर आठ दिवसांनी हात फिरवून खराब झालेला बाजूला काढायचा. गहू पण तेव्हाच वर्षाचा भरायचा, ऊन दाखवून, एरंडेल चोळून. आमच्या घरी अजून असंच चालतं. आणि भाजीला बुधवारी गोदाघाटावर जा, संध्याकाळी भाव पडतात.

इंदिरानगर_हिशेबनीस
काकांचं बरोबर आहे पण पाथर्डी फाट्यावरून गोदाघाटावर जाऊन यायचं पेट्रोल आणि पार्किंगची कटकट धरली तर भाजीतली बचत तिथेच संपते. कांद्या-गव्हात वर्षाला दोन-तीन हजार सुटतील, ते सुटू द्या, पण तुमचा खरा पैसा वरच्या पहिल्याच ओळीत अडकलाय. ५८ मधले जवळजवळ २६ हप्त्यात जातात आणि त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाहीये.

लोन कधीचं आहे, शिल्लक किती, व्याजदर किती, एवढं आधी बघा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या रेटची घराची कर्जं बाहेरच्या दराशी, म्हणजे बहुतेक ठिकाणी रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) जोडलेली असतात. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, त्यामुळे त्या लोकांचे दर आपोआप खाली आले. त्याआधीचं कर्ज असेल तर ते बहुतेक जुन्या एमसीएलआरवर (बँक स्वतःच्या खर्चावरून ठरवते तो दर), तिथे दर रडतखडत उतरतो, बँक स्वतःहून फोन करून सांगणार नाही की साहेब तुम्ही जास्त भरताय. अर्ज करून, थोडीफार फी भरून, त्याच बँकेत रेपोवाल्या दरावर जाता येतं.

उदाहरण देतो. २५ लाख शिल्लक, १५ वर्षं बाकी, ९.४ टक्के दर, तर हप्ता साधारण २५,९५० बसतो (तुमच्या आकड्याशी जुळतोय बघा). तोच ८ टक्क्यांवर आला तर २३,९०० च्या आसपास. दोन हजार महिन्याला, आणि त्यासाठी घरातलं कोणी एक बिस्किटही कमी खायचं नाही.

सिडको_वायरमन
लाईट बिल २,४०० म्हणजे एसी असेल नाहीतर गिझर. बरेच जण म्हणतात १०१ युनिट झालं की सगळ्या युनिटला वरचा रेट लागतो, तसं नाहीये, महावितरणचे घरगुती टप्पे ०-१००, १०१-३००, ३०१-५०० असे आहेत आणि वाढीव रेट फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे तुम्ही जे युनिट कमी कराल ते सगळ्यात महाग असलेले कमी होतील, हे लक्षात घ्या.

आता बघा, जुना पंखा ७५ वॅट ओढतो, बीएलडीसी पंखा २८ ते ३५. दिवसाला १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटच्या आसपास फरक. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, सासूबाईंच्या खोलीतला आधी बदला कारण तो दिवसभर चालू असणार. गिझर २ किलोवॅटचा असेल तर तासाला २ युनिट, आपल्याकडे थंडीत सगळ्यांच्या घरी तो चालू करून विसरतात, एकामागोमाग एक आंघोळी उरका म्हणजे पाणी परत परत तापवायला नको. कागदी बिल बंद करून गो ग्रीन घेतलं की बिलामागे १० रुपये सूट आहे, फार नाही पण फुकट आहे.

पंचवटीची_सून
ताई गोळ्यांचं मी सांगते, माझ्या सासऱ्यांना पण शुगर-बीपी दोन्ही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन असल्या रोजच्या गोळ्या तिथे निम्म्याहून स्वस्त मिळतात. आमचे एक डॉक्टर आधी नाक मुरडत होते पण शुगरचे रिपोर्ट बघून काही बोलले नाहीत. फक्त थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर विचारल्याशिवाय कंपनी बदलू नका. आणि सगळा स्टॉक मिळेलच असं नाही, पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच जायचं.

इंदिरानगर_हिशेबनीस
पॉलिसीबद्दल राहिलं. वर्षाला ३० हजार भरून विमा रक्कम किती आहे ते बॉन्डवर बघा. ४-५ लाख असेल तर घरातल्या एकट्या कमावत्या माणसाला तो विमा म्हणजे नावालाच, डोक्यावर घराचं कर्ज असताना. असल्या पॉलिसीत आधी काही वर्षांचे हप्ते भरून झाले असतील तर ती पेड-अप करता येते, म्हणजे पुढचे हप्ते बंद, रक्कम कमी होते पण मुदत संपल्यावर मिळते. मात्र क्रम चुकवायचा नाही. आधी टर्म प्लॅन (निव्वळ विमा, त्यात बचत नसते) हातात येऊ द्या, मेडिकल होऊन पॉलिसीचा कागद येऊ द्या, मगच जुनीचा हप्ता थांबवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक टर्म आणि हेल्थ इन्शुरन्सच्या हप्त्यावर जीएसटी नाही, ते पण तुमच्या पथ्यावर पडेल. एजंट ओळखीतला असेल तर तो रुसणार हे गृहीत धरा.

पाथर्डीफाटा_गृहिणी
एजंट माझे चुलत दीर आहेत 😅 ते मिस्टरांनीच सांगायचं.

कपाटातली फाईल काढली, लोन २०१८ चं निघालं, सँक्शन लेटरवर एमसीएलआरच लिहिलंय, आणि दर आत्ता अ‍ॅपवर ९.४ दाखवतोय. शनिवारी मिस्टर बँकेत जाणार आहेत. तिथे नेमकं काय बोलायचं? आणि वाचलेले पैसे पोस्टात टाकू का?

इंदिरानगर_हिशेबनीस
शनिवार दुसरा-चौथा नाही ना ते बघून जायला सांगा. तोंडी विचारू नका, साधा अर्ज लिहून न्या की माझं कर्ज रेपो-लिंक्ड दरावर करून द्या, फी किती आणि नवा दर किती ते लेखी कळवा, आणि एका झेरॉक्सवर पोच घ्या. दुसरं म्हणजे दर उतरला की बँक बऱ्याचदा हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते. एरवी ते चांगलं, पण तुम्हाला आत्ता हातात पैसा हवाय, त्यामुळे हप्ता कमी करायचा आहे असं अर्जातच लिहा. टाळाटाळ केली तर दुसऱ्या बँकेचं ऑफर लेटर घेऊन जा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं, खरंच लोन हलवायचं तर प्रोसेसिंग, वकील, स्टॅम्प ड्युटी सगळं धरून मग ठरवा.

पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, शंभर रुपयांपासून सुरू होते. पण तुमच्याकडे अडीअडचणीला काहीच बाजूला नाहीये, म्हणून आधी वर्षभराची बँकेची आरडी करा आणि पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख टाका. अडीअडचणीपुरते साठले की मग पोस्ट.