पांढरकवडा ते कन्याकुमारी एकटीने सायकलवर – तयारीसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी पांढरकवड्याजवळच्या (यवतमाळ जिल्हा) एका खेड्यातली, वय २६, इथल्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कॉम्प्युटरचं काम करते. पावसाळा सरता सरता मला सायकलने कन्याकुमारीला जायचंय, एकटीने. जायचं की नाही हा विषय घरी बोलून संपलाय, त्यामुळे कृपया “एकटी नको जाऊस” असं लिहू नका, कशावर जायचं आणि कसं जायचं यासाठी धागा काढलाय.

रस्ता ठरलेला आहे, एनएच ४४. आमच्या फाट्यावरूनच जातो, जुनी माणसं त्याला अजून सात नंबरच म्हणतात कारण आधी तो वाराणसी-कन्याकुमारी एनएच ७ होता. आठवीत सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकल मिळाली तेव्हापासून मी या रस्त्याच्या कडेने शाळेत जायची आणि तमिळनाडू पासिंगचे ट्रक बघायची, तेव्हापासून हे डोक्यात आहे. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा, मग आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी, हैदराबाद, कर्नूल, अनंतपूर, बंगलोर, सेलम, मदुराई, तिरुनेलवेली. साधारण सोळाशे किलोमीटर धरतेय.

आधी वेळेचं सांगते कारण सगळं तिथेच अडतं. जिनिंग दसऱ्यानंतर हळूहळू सुरू होतं, दिवाळीपासून खरा जोर, ते मार्चपर्यंत. त्या काळात सुट्टी मागायची सोयच नाही, कापसाच्या गाड्यांची रांग रात्रीपर्यंत हटत नाही. मार्चनंतर मी मोकळी, पण आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला माहीतच आहे आणि पुढे तेलंगणा-रायलसीमा काही थंड नाही, ४३-४४ मध्ये रोज सायकल मारणं जिवावर बेतेल. जून ते ऑगस्ट पाऊस आणि घरी निंदण-डवरणी. म्हणजे उरतं काय तर पोळा-गणपती आटोपल्यावर ते दिवाळीच्या आधी. तिकडे तमिळनाडूचा मुख्य पाऊस ईशान्य मोसमी, तो साधारण ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो, तर त्याच्याआधी मदुराई मागे टाकायची. सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघून रोज सत्तरच्या आसपास आणि आठवड्यातून एक दिवस आराम धरला तर चार आठवड्यांत बसतं असं माझं गणित आहे. हे कुठे चुकतंय का? तेलंगणात तेव्हा परतीचा पाऊस सापडेल हे मी धरूनच चाललेय.

आता सायकल. माझ्याकडे २६ इंची स्टीलची २१ गिअरची आहे, पुढे शॉकअप, दोन्हीकडे वायरचे डिस्क ब्रेक, जाड गुटल्यांचे टायर. यवतमाळहून सेकंडहँड घेतली. यवतमाळपर्यंत, म्हणजे साधारण सत्तर किलोमीटर, एका दमात जाते, दुसऱ्या दिवशी परत येते, पाय बोलतात पण गुडघे दुखत नाहीत. तक्रार एवढीच की डांबरी रस्त्यावर ती ओढल्यासारखी चालते आणि चढावर शॉकअप नुसता खालीवर होतो, अर्धी ताकद त्यातच जाते.

आमचे सायकलचे मिस्त्री काका म्हणतात, “काळी सायकल घेऊन जाय, अठ्ठावीसची, तिचं सामान कोन्याबी गावात भेटते.” त्यांचं म्हणणं मला पटतं पण गिअर नाही, आणि कर्नूलपासून बंगलोरपर्यंत रस्ता चढतच जातो, सहाशे मीटरच्या वर फरक आहे, सामान लादून ते एका गिअरवर जमेल का? तिसरा सल्ला भावाचा, नवीन हायब्रीड घे, ७०० सी चाकांची, हलकी पळते. पण मग टायर फाटला तर? इथे एक गोष्ट मला कळायला वेळ लागला ती सांगते, कोणाच्या कामी येईल. काळ्या सायकलचा २८ बाय दीडचा टायर आणि हायब्रीडचा ७०० सी, दोघांनाही दुकानात अठ्ठावीसचाच म्हणतात पण एकाचा दुसऱ्यावर बसत नाही, रिमचा व्यास एकाचा ६३५ मिमी आणि दुसऱ्याचा ६२२. म्हणजे दुकानदार “हाय ना अठ्ठावीसचा” म्हणून देईल आणि आपण रस्त्यावर टायर हातात घेऊन बसू. २६ ला ती अडचण कमी वाटते. सायकलीवर जास्तीत जास्त आठ-दहा हजार घालू शकते. तर आहे तीच सुधारू, काळी घेऊ, की हायब्रीड?

सामानाचं म्हणाल तर फवारणीच्या पाण्यासाठी वापरतो ती जाड ताडपत्री घेऊन गावातल्या टेलरकडून मागच्या कॅरियरच्या दोन पिशव्या शिवून घेतल्यात. दोनदा उसवून परत शिवल्या कारण पायडल मारताना टाच पिशवीला घासत होती, आता पुढची खालची बाजू तिरपी कापलीय आणि हूक मागे सरकवलेत. पाणी आत येत नाही, बादलीभर ओतून बघितलं. पण हायवेवर सतत हादरे बसून कॅरियरचे नट ढिले होतात का, आणि एकूण वजन किती असावं? मी दहा किलोच्या आत ठेवायचं म्हणतेय.

मुक्कामाचा प्रश्न आईचा आहे आणि तो खराच आहे. ती म्हणते, “दिवसभर चालवशीन ते ठीक हाय, पण रातच्याले थांबशीन कुठं?” बाबांची अट वेगळी, रोज पाचच्या आत थांबून फोन, “नाही तं मी गाडी घेऊन निंगतो.” मला दोन्ही मान्य आहे. तंबू नको असं मीच ठरवलंय. निर्मल, कामारेड्डी, कर्नूल, अनंतपूर अशा मोठ्या गावांत लॉज मिळतील, पण मधे जिथे दोन मोठी गावं शंभरच्या वर अंतरावर आहेत तिथे एकट्या मुलीने काय करायचं हे ज्या बायका गेल्यात त्यांनी सांगावं. आणि पाळीच्या दिवसांत काय करता हेही स्पष्ट लिहा, इथे लाजण्यासारखं काही नाही, महिनाभराच्या प्रवासात ते दिवस येणारच.

भाषेचं म्हणाल तर तेलुगू थोडीफार समजते, आमच्या बाजारात कानावर पडतेच. तमिळचा एक शब्द येत नाही.

येताना हिमसागर एक्सप्रेस बघितलीय, आठवड्यातून एकदा असते आणि नागपूरला थांबते. त्यात सायकल पार्सलने टाकलेली कोणी आहे का?

– – –

प्रतिसाद

ताई, मी हिंगणघाटचा, या रस्त्याने बंगलोरपर्यंत सायकलने गेलोय आणि पुढचा भाग नंतर वेगळा केलाय. तुमचं महिन्यांचं गणित बरोबर आहे, फक्त निघायला उशीर करू नका, चार दिवस आधी निघा पण नंतर नको.

नवीन सायकल अजिबात घेऊ नका. आहे तीच न्या. गुटल्यांचे टायर काढून २६ बाय १.५ चे गुळगुळीत टाका, तिथेच अर्धा फरक पडतो. शॉकअप काढून साधा, बिनशॉकअपचा फोर्क बसवा, जुना सोबत नेऊन नळीची जाडी, लांबी, आट्याचा की बिनआट्याचा हे जुळवूनच घ्या. वायरच्या डिस्कचे पॅड लहान गावात मिळत नाहीत, फ्रेमला आणि नवीन फोर्कला व्ही-ब्रेकचे खुंटे असतील तर रबराचे ब्रेक करून टाका, नसतील तर पॅडच्या दोन जोड्या सोबत ठेवा. तुमच्या ट्यूबला मोटारसायकलसारखा वॉल असेल, तो तसाच राहू द्या, कारण त्यात कुठल्याही ट्रक-पंचरच्या दुकानात हवा भरता येते, पण हवा स्वतः थोडी थोडी भरा, त्यांच्या हातात नळी दिली की ट्यूब फुटलीच समजा.

या रस्त्यावर काट्याने पंचर कमी आणि तारेने जास्त होतात. ट्रकचे टायर फुटून त्यातल्या बारीक पोलादी तारा कडेच्या पट्ट्यात पडलेल्या असतात, केसासारखी तार टायरमध्ये घुसते, डोळ्याला दिसत नाही, तुम्ही ट्यूबला ठिगळ लावता आणि दोन किलोमीटरवर परत बसते. त्यावर उपाय तुमच्या जिनिंगमध्येच आहे. कापसाचा बोळा घेऊन टायरच्या आतून गोल फिरवा, जिथे तार असेल तिथे धागे अडकतात. मग चिमट्याने ओढून काढा. बोट फिरवू नका, रक्त निघते. चिमटा न विसरता घ्या, मी तरी त्याला पान्याच्या आधी ठेवतो.

तुटल्या तर आऱ्या (स्पोक) मागच्या चाकाच्या तुटतील, चेनच्या बाजूच्या, वजन तिथेच असते. त्याच मापाच्या सहा-सात फ्रेमला टेपने चिकटवून न्या आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातांची चक्री) काढायची चावी न्या, फ्रीव्हील उतरवल्याशिवाय त्या बाजूची आरी बसत नाही, अन् मोठा पाना कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतो पण ही चावी मिळत नाही. कॅरियरचे नट नायलॉनवाले लावा, सकाळी निघताना एकदा हात फिरवा. दहा किलो चांगलंय.

रस्त्याचं थोडं. निर्मलच्या आधी महबूब घाट आहे, तुम्हाला उतार आहे, पाऊस असेल तर हळू. हैदराबादेत आत घुसू नका, मेडचलपासून आउटर रिंग रोडचा सर्व्हिस रोड धरून शमशाबादला निघा, मुख्य रिंग रोडवर दुचाकीलाही बंदी आहे. बंगलोर चुकवायचं तर देवनहळ्ळीहून होस्कोटे, सर्जापूर, अत्तिबेले करत होसूर. धर्मपुरीच्या पुढे सेलमच्या आधी तोप्पूर घाट, तिथे मात्र ऐकाच माझं. तो उतार ट्रकांचे ब्रेक फेल होण्यासाठी बदनाम आहे आणि ट्रक तुमच्या पाठीमागून येतील. सकाळी लवकर, रहदारी कमी असताना उतरा, कडेलाच राहा, अन् मागचा आवाज ऐकू यावा म्हणून कानात काही घालू नका. तिरुनेलवेलीच्या पुढे पणगुडी-कावलकिणरूकडे पवनचक्क्या दिसायला लागल्या की वारा बाजूने ढकलतो, त्या दिवशी किलोमीटर कमी धरा.

हायवेची हेल्पलाइन १०३३ आणि इमर्जन्सीचा ११२, दोन्ही नंबर हँडलला कागदावर चिकटवा, फोन पडला तर दुसऱ्याला वाचता आले पाहिजेत.

– – –

प्रतिसाद

अगं, मी विदर्भातलीच, हायवेने एकटीने गेलेय, म्हणून मुक्कामाचं सांगते. लॉज दुपारीच फोन करून ठरवायचा आणि बाई आहे, सायकल आत ठेवायचीय हे आधीच सांगायचं, मग संध्याकाळी कटकट होत नाही. पहिल्या मजल्यावरची, रस्त्याकडची खोली माग. आतून लावायला छोटं कुलूप आणि दाराखाली सरकवायला लाकडाची पाचर ने, मला तिच्यामुळे शांत झोप लागली. जिथे लॉज नाही तिथे आदल्या मोठ्या गावातच थांब आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडताच निघून लांबचा टप्पा मार, अंधार पडल्यावर गाव शोधत फिरू नकोस. दिवसा बाथरूमसाठी टोलनाके लक्षात ठेव, सोय असते आणि माणसांची वर्दळ असते.

पाळीचं म्हणशील तर मेन्स्ट्रुअल कप जमला तर सगळ्यात सोपं, पण तो आता दोन-तीन महिने घरी वापरून सवय कर, रस्त्यात पहिल्यांदा नको. नाही जमला तर आरामाचा दिवस त्या पहिल्या दिवसावर ढकल. पॅडवर दिवसभर सीटवर बसलं की मांड्या सोलवटतात, खोबरेल तेल आधीच लाव, सोलल्यावर नाही. सायकलच्या पॅडेड चड्ड्या दोन घे, रोज रात्री धुवायची, तिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही.

– – –

दादा, ताई, दोघांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी फ्रेम बघितली, मागे खुंटे आहेत, म्हणजे साध्या फोर्कला असतील तर दोन्हीकडे व्ही-ब्रेक होतील. मिस्त्री काकांना वाचून दाखवलं, ते फोर्क बदलायला तयार झालेत आणि फ्रीव्हील उतरवून आरी कशी घालायची ते शिकवतो म्हणाले, पुढच्या रविवारपासून त्यांच्या दुकानात बसणार आहे. कापसाचं आईला सांगितलं तर तिने लगेच डब्यात भरून ठेवला. पाचर सुतारांकडे टाकलीय.

तोप्पूरबद्दल अजून एक विचारते. पहाटे उतरायचं तर आदल्या रात्री धर्मपुरीत थांबावं लागेल, तिथून घाट गाठेपर्यंत ऊन आणि रहदारी दोन्ही वाढतील का, की घाटाच्या आणखी जवळ बाईला थांबता येईल असं ठिकाण आहे? आणि हिमसागरच्या पार्सलचं कोणीच लिहिलं नाही, कन्याकुमारी स्टेशनवरून सायकल टाकलेलं कोणी असेल तर पॅकिंग कसं केलं, किती तास आधी जावं लागलं आणि नागपूरला ती त्याच गाडीतून उतरली का, एवढं सांगा.