मदत हवी आहे: आईचा बीपी, सोडियम आणि 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'चा रिपोर्ट

आई ७१ वर्षांची. बीपी जुनाच, पण दोन महिन्यांपूर्वी गोळी बदलली: आता टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ (लघवी वाढवणारं औषध) एकत्र. बीपी १३४/७८ वर आलाय. मात्र पंधरा दिवसांपासून ती सारखी गळून गेलेली असते. परवा देवघरातून उठताना तोल गेला, चौकट धरली म्हणून पडली नाही.

भावाने लॅबचं मोठं पॅकेज करून घेतलं. त्यात एमडीए (शरीरातली चरबी ऑक्सिडेशनने खराब झाल्याची खूण) ही तपासणी लाल अक्षरांत 'वाढलेली'. लॅबच्या बाई फोनवर म्हणाल्या, हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) वाढलेत, अँटिऑक्सिडंट कॅप्सूल सुरू करा. सगळं घर तोच आकडा धरून बसलंय.

मुळात गोष्ट खोटी नाही. रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड फ्री रॅडिकल्समुळे वाया जातं, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचा आधारही कमी होतो. पण सुमारे ४०,००० बायकांवर दहा वर्षं झालेल्या 'विमेन्स हेल्थ स्टडी'त व्हिटॅमिन ई घेऊन हार्ट अटॅक किंवा पक्षाघात कमी झाले नाहीत. मग कॅप्सूलने काय साधणार?

मला काळजी वाटतेय ती तिसऱ्या पानाची. सोडियम १२९ (हवं १३५ ते १४५), पोटॅशियम ३.४ (कमी), युरिक ॲसिड ७.२ (जास्त). क्लोरथॅलिडोनने हे तिन्ही होतं असं वाचलं. त्यात आई मीठ जवळजवळ बंद करून दिवसाला तीन लिटर पाणी पिते, 'शरीर शुद्ध होतं' म्हणून. सोमवारी डॉक्टरांची वेळ आहे. तोवर थांबावं का? कुणाच्या आईला असं झालंय? गोळी मी स्वतःहून बंद करावी का?

प्रतिसाद: ताई, सोमवारपर्यंत थांबू नका. माझ्या सासूबाईंचं सोडियम याच जातीच्या गोळीने उतरलं होतं, वय ७४. आजच डॉक्टरांना फोन करून १२९ हा आकडा आणि तोल गेल्याचं सांगा. गोळीचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, मीठ-पाण्याचंही. बरळणं, उलटी, फार झोप दिसली तर थेट दवाखाना. एमडीएवरून औषध ठरत नाही, ते पान बाजूला ठेवा.

धागाकर्ती: फोन केला. क्लोरथॅलिडोन आजपासून बंद, नुसती टेल्मिसार्टन चालू. पाणी दीड लिटर, उद्या सकाळी सोडियम-पोटॅशियम परत. कॅप्सूल आणायला निघालेल्या भावाला परत बोलावलं. खूप आभार.