ग्लायडरसाठी आरटीआर (विमानातला रेडिओ वापरण्याचं प्रमाणपत्र) लागतंच का? मदत हवी आहे

मंडळी, हडपसरला ग्लायडिंग शिकतोय, विंचवरून (दोराने ग्लायडर ओढणारं यंत्र) लाँच होतो, आता लायसन्सचं बघायचंय. रेडिओचं काय करायचं कळेना. आधी आरटीआर परीक्षा दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा घ्यायची, २०२५ पासून नव्या भारतीय वायुयान अधिनियमामुळे ती डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) आलीये, त्यामुळे जुन्या नोट्स कितपत चालतील? आणि फक्त ग्लायडरच उडवणार असेन तर आरटीआर आणि एफआरटीओएल (उडताना रेडिओवर बोलायचं लायसन्स) दोन्ही काढावं लागतं का, की लोहगाव विमानतळाच्या एटीसीशी (हवाई वाहतूक नियंत्रण) बोलायची वेळ आली तरच? लेखी जमेल हो, तोंडीची भीती वाटते. घरात 'मेडे मेडे मेडे' (रेडिओवरची संकटाची हाक) ओरडत प्रॅक्टिस केली तर आई पोळी तव्यावर टाकून धावत आली. अलीकडे कोणी परीक्षा दिली असेल तर तोंडीला काय विचारलं सांगा प्लीज.