मॉल्डनच्या धक्क्यावर बोटीने जायचं तर

इंग्लंडच्या एसेक्समधल्या मॉल्डनला ‘हाइद की’ नावाच्या धक्क्यावर बोटीने जावं की सरळ गाडी काढावी असं विचारलंयत, तर माझं मत बोटच, पण आधी भरतीचं टेबल बघा. ब्लॅकवॉटर नदीचं पाणी ओहोटीला इतकं उतरतं की धक्क्याशी नुसता गाळ उरतो, त्यामुळे भरतीच्या आसपासचे दोनेक तासच हातात असतात. आम्ही लेट झालो आणि बसलो चिखलात, सहा तास चकल्या खात :)

पण त्यामुळे शेजारचे जुने थेम्स बार्ज (शिडाच्या मालवाहू बोटी) मस्त बघता आले. त्यांचे तळ सपाट, म्हणून गाळावर आरामात बसतात, कलत नाहीत. कडेला पंख्यासारख्या मोठ्या फळ्या असतात, वाऱ्यात बोट आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडायच्या. शिडांचा तो तांबूस रंग म्हणजे गेरू आणि माशाचं तेल! एवढं मोठं धूड चालवायला पूर्वी माणसं बहुतेक दोनच असायची, एक तांडेल आणि एक पोरगा. जाताना लंडनच्या घोड्यांसाठी गवत न्यायचे, येताना त्याच घोड्यांची लीद शेतांसाठी. १९०६ चा केंब्रिया नावाचा बार्ज तर १९७० पर्यंत इंजिनाशिवाय माल नेत होता.

आणि हो, गमबूट न्याच.