घाण्याचं तेल की रिफाइंड: पोषण नक्की कशात?

करडईची_लेक (लातूर)
लाकडी घाण्याचं तेल आता गल्लोगल्ली मिळतं, आणि जाहिरातीत त्यानं कोलेस्टेरॉलपासून सांधेदुखीपर्यंत सगळं बरं होतं. माझं म्हणणं, पोषणाचा हिशेब घाण्यावरून नको, बियांवरून करा. तेल कुठलंही असो, ग्रॅमला ९ कॅलरीच. शेंगदाणा तेलातली स्निग्धाम्लं घाण्यात काढा नाहीतर रिफाइंड करा, जवळपास तीच राहतात. खरा फरक करडई आणि पाममध्ये आहे. साध्या करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल (शरीराला लागणारं असंतृप्त स्निग्धाम्ल) ७५ टक्क्यांच्या आसपास, तर पामतेलात निम्मी चरबी संतृप्त, म्हणजे जास्त झाली तर हृदयाला न मानवणारी. आमच्या लातूर-सोलापूर-परभणी पट्ट्यातली करडई कमी कमी होत गेली, घराघरांत पिशवीतलं तेल आलं, आणि आपण भांडतोय घाण्यावरून.

ठेचा_भाकरी
ताई, हे निम्मंच झालं. कारखान्यात तेलाचं काय होतं तेही लिहा ना. सोयाबीनसारख्या बियांचं तेल हेक्झेन या द्रावकानं ओढून घेतात. मग डिंक काढतात, कॉस्टिक सोड्यानं आम्लता घालवतात, ब्लीचिंगच्या मातीतून गाळतात आणि शेवटी निर्वातात २०० अंशांच्या वर वाफ सोडून वास उडवतात. यात ई जीवनसत्त्व आणि फायटोस्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे उपयोगी घटक) काही प्रमाणात जातात, थोडी ट्रान्स चरबीही (हृदयाला घातक असलेली) तयार होते. आणि चव? घाण्याच्या तेलाच्या फोडणीला चमचाभर पुरतं. तेल कमी लागणं हा पोषणाचाच मुद्दा आहे.

करडईची_लेक
चमच्याचा मुद्दा मान्य. पण ई जीवनसत्त्व हवं असेल तर मूठभर दाणे खा, सोबत प्रथिनं आणि तंतूही मिळतील. ते घाण्याच्या तेलातही उतरत नाहीत, पेंडीत राहतात आणि गुरांच्या पोटात जातात. ट्रान्स चरबीवर तर १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे.

लॅबवाला
दोघांनीही सोडलेली गोष्ट म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ओलसर जागी साठवलेल्या दाण्याला बुरशी लागली की हे विष तयार होतं, आणि यकृताला ते फार घातक. रिफायनिंगमधला सोडा आणि ब्लीचिंगची माती ते बहुतांशी काढून टाकतात. घाण्यात असा टप्पाच नाही, त्यामुळे दाणा खराब असेल तर विष तेलात उतरतं. 'नैसर्गिक म्हणून सुरक्षित' हे मला अजिबात पटत नाही. सुटं तेल तर घेऊच नका. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली आणि जलशोथानं (अंगावर सूज आणणाऱ्या आजारानं) साठाहून जास्त माणसं गेली.

घाणा_सांगली
दादा, म्हणून तर दाणे आपले आपण निवडून आणावेत आणि समोर उभं राहून तेल काढून घ्यावं. किडका, काळपट, सुरकुतलेला दाणा आम्ही परत करतो. विकतच घ्यायचं असेल तर हिशेब करून बघा. किलोभर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाण्याच्या भावाला अडीचनं गुणा, पेंडीचे पैसे वजा करा, मजुरी मिळवा. त्याच्या खूप खाली कुणी 'शुद्ध घाणा' देत असेल तर त्यात दुसरं काहीतरी आहे. पण काही भेसळखोरांपायी सगळ्या घाण्यांना विषारी ठरवणं बरोबर नाही.

मालवणी_स्वयंपाक
आमच्याकडचं खोबरेलही घाण्याचंच, आणि त्यात ९० टक्क्यांच्या आसपास संतृप्त चरबी. मला ते प्रिय आहे, माशाच्या कालवणात दुसरं चालत नाही. पण घाण्यातून आलं म्हणून हृदयाला चांगलं, असं मी म्हणणार नाही.

ठेचा_भाकरी
खोबरेलाचं ठीक. पण करडईचं कच्चं तेल चटणीवर घेऊन भाकरी खाणारा माणूस रिफाइंड तसं खाईल का? ती खाण्याची रीतच वेगळी आहे. लॅबवाल्यांचा दाण्याचा मुद्दा मी घेतला, तरी घरात रिफाइंड आणणार नाही.

लॅबवाला
कच्चं खायला घाण्याचंच घ्या, त्याला माझी हरकत नाही. तळणाचं काय? तळण १७० ते १९० अंशांवर चालतं. न शुद्ध केलेलं शेंगदाणा तेल साधारण १६० लाच धुरायला लागतं, रिफाइंड २३० पर्यंत टिकतं. दिवाळीच्या चकल्यांना मी रिफाइंड शेंगदाणाच सांगेन, आणि उरलेलं तेल पुन्हा तळणाला नको.

करडईची_लेक
आणि माणशी रोज २५ ग्रॅम धरा. चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो. तुमच्याकडे किती लागतं ते इथे लिहा, घाण्याचं असो वा पिशवीतलं.